शेरा

कुपवाडच्या एमआयडीसीत, वळणावरच्या पत्र्याच्या शेडवर
‘नेमका इलेक्ट्रॉनिक काटे’ अशी पाटी आहे.
‘ने’ची मात्रा उन्हानं कधीच खाल्ली.
रंगवायला कुणाला सवड नाही.

ही कंपनी मी चार वेळा मारली आहे.
कागदावर.

मी बँकेत होतो, कर्जाच्या टेबलाला.
सत्त्याण्णव साली धन्यकुमार मगदूमनं
भाजीच्या पिशवीतून काटा काढून माझ्यापुढे ठेवला
आणि त्यावर माझाच पेपरवेट.
दोनशे बारा ग्रॅम.
माझ्या काचेच्या गोळ्याला वजन असतं
हे मला तोवर माहीत नव्हतं.
मी शेरा मारला : ‘मोठ्या कंपन्यांपुढे टिकाव अशक्य.
फार तर दोन वर्षे.’
त्यानं बायकोच्या पाटल्या मोडल्या, शेड घातली.

मग चिनी काटे आले, तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत.
मी खुशीत लिहिलं, ‘आता संपले.’
पण ते काटे हळद पेठेत राहिले एकच हंगाम.
हळद कुठंही शिरते हो,
शर्टाच्या शिवणीत, श्वासात, सर्किटात.
व्यापारी पोत्यात भरून घेऊन आले
पिवळे पडलेले, मुके काटे,
आणि मगदूमनं तेही दुरुस्त करून दिले.
याला धंदा म्हणत नाहीत, असं मी तेव्हाही म्हणालो होतो.

पुराच्या साली पेठेत कमरेएवढं पाणी.
ओसरल्यावर रुक्साना मुजावरनं
विश्रामबागेतल्या ब्यूटी पार्लरमधून
सात हेअर ड्रायर भाड्यानं आणले
आणि तीन रात्री शेडमध्ये
गाळ धुतलेली सर्किटं वाळवत बसली पोरं,
लग्नाला निघालेल्या नवऱ्यांसारखी ओळीनं मांडून.
बिल लावलं नाही.
माझा शेरा : ‘उधारी बुडणार. सोबत कंपनीही.’
उधारी खरंच बुडाली, थोडी.
उरलेल्यांनी पुढची वीस वर्षं दुसरा काटा घेतला नाही.

चौथ्या वेळी मी निवृत्त होतो, फुकट बोललो.
पुण्याचा भाचा म्हणाला होता,
सगळं आता मोबाइलवर येणार, काटे कोण घेतंय.
मी ते जसंच्या तसं मगदूमला ऐकवलं.
रुक्सानानं सोल्डरिंगच्या धुरातून मान वर केली :
‘मग पोतं मोबाइलवर ठेवायचं का, सायेब?’

धन्यकुमार एकदा म्हणाला होता,
वजन दाखवणं सोपं आहे.
अवघड असतं रिकामं असताना शून्य दाखवणं.
उष्मा, धूळ, कालची पोती, यातलं काहीच मनात न ठेवता
रोज सकाळी शून्यावर येणं.
मी हसलो असेन.
माझ्या मनात मात्र सत्त्याण्णवपासूनचं सगळं साठलेलं.

तो गेला त्याला दोन वर्षं झाली.
आता सुव्रता बसते त्याच्या खुर्चीत.
सौदा पुरा व्हायच्या आत वजन
शेतकऱ्याच्या मोबाइलवर जातं, म्हणजे भाचा निम्मा बरोबर निघाला.
भिंतीवरच्या फळीवर अजूनही
पहिल्या मॉडेलचे सुटे भाग, हॉर्लिक्सच्या बाटल्यांत.

यंदा पाडव्याला मी गेलो नाही. गुडघे.
दुपारी फोन आला :
‘काका, यंदा काही बोलला नाहीत तुम्ही?
बाबा म्हणायचे, देशिंगकर साहेब बुडेल म्हणाले
की वर्ष बरं जातं.
पोरं चहा टाकून थांबलीत.’

मी चष्मा पुसला. घसा साफ केला.
खिडकीतून शेजारच्या गच्चीवर
कुणीतरी बेदाणा वाळत घातला होता.

‘सुव्रता,’ मी म्हणालो, ‘नीट ऐक.
फार तर दोन वर्षे.’