नजरचूक

साडेतीनला दिवस आटोपतो इथे, तुर्कूत, नोव्हेंबरात.
प्रयोगशाळेच्या खिडकीतून मग नदी दिसत नाही.

सत्तावीस वर्षं माझं हेच काम:
मुलांच्या चित्रफिती हळू करून बघायच्या,
एका सेकंदाचे पंचवीस तुकडे,
प्रत्येक तुकड्यापुढे शून्य किंवा एक.
हाक मारल्यावर वळला का. एक.
बोट दाखवलं का. शून्य.
चेहऱ्याकडे पाहिलं का.
शून्य. शून्य. शून्य.
डोळ्यांत तेल घालून दुसऱ्यांचे डोळे मोजले मी,
एका पापणीचीही उधारी ठेवली नाही.

आर्नी, वय दोन वर्षं सात महिने.
आई हेन्रीका, बेकरीत पहाटेची पाळी,
कोटाच्या बाहीला अजून पीठ.
त्याला आवडते आउरा नदीवरची नारिंगी फेरीबोट,
जी अलीकडून पलीकडे जाते, पलीकडून अलीकडे,
आयुष्यात दुसरं काहीच करत नाही.
आमची लाकडी आगगाडीही तो तशीच चालवतो,
टेबलाच्या कडेवरून, या टोकाला, त्या टोकाला,
प्रत्येक टोकाला जरा थांबून,
माणसं उतरेपर्यंत.

मी साबणाचे फुगे उडवले.
उडवायचे आणि मधेच थांबायचं, असा नियम आहे.
मूल ‘अजून’ कसं मागतं ते बघायचं.
तो थांबला. मान वळवली.
खिडकीकडे पाहिलं, चार सेकंद.
मी लिहिलं: शून्य.

तौकोने लिहिलं: एक.
तौको माझा विद्यार्थी, सायकलचं हेल्मेट काढायला विसरणारा.
दोघांनी वेगवेगळं मोजायचं, मग ताळा करायचा.
ताळा जुळेना.

खिडकीकडे बघतोय, मी म्हटलं.
‘खिडकीत काय होतं?’
काही नाही. अंधार.
‘मग चार सेकंद काय बघत होता?’

मी चिडले, खरं सांगायचं तर.
म्हटलं, लळा लागला म्हणून आकडा बदलत नाही.
तो गेल्यावर आर्नीच्या खुर्चीत बसले.
गुडघे हनुवटीला आले.
मान वळवली.

काचेत मी होते.
वीतभर, अंधारावर ठेवलेली,
श्वासाचा आवाज नसलेली, कॉफीचा वास नसलेली,
एकदम अंगावर न येणारी.
एवढीच मी कोणालाही पेलले असते.

मूल नजर चुकवतं,
हे आमच्या अहवालांतलं ठरलेलं वाक्य.
माझ्याच हातचं, शेकडो वेळा.
त्याने कदाचित चुकवली नव्हती, चुकती केली होती,
आणि मी पावती दिली नाही.

कदाचित. दिव्याकडेही बघत असेल.
एका मुलाच्या चार सेकंदांवर मी काहीही उभारणार नाही.
जूनमध्ये पुन्हा बोलावलं,
तर संध्याकाळीही लख्ख ऊन, काच नितळ,
पलीकडे भूर्ज हलत होता
आणि तो भूर्जाकडे बघत बसला.
भूर्ज सुंदरच होता.
काही सिद्ध झालं नाही.

कपाटात अकराशे चित्रफिती आहेत.
त्यांतल्या हिवाळ्यातल्या किती, अंधार पडल्यावरच्या किती,
खिडकी कोणत्या बाजूला,
सांगता येत नाही.
तारखा लिहिल्यात मी, सुवाच्य अक्षरात.
वेळा लिहिलेल्या नाहीत.

निघताना हेन्रीकाला सहज विचारलं,
काचेतून कधी बघतो का तुमच्याकडे?
ती खाली वाकून त्याची चेन लावत होती.
म्हणाली, ओव्हनच्या दारातून बघतो की, रोज.
आत पाव फुगत असतो, मी मागे उभी,
मी जीभ काढते, तोही काढतो.

मग सांगितलं का नाहीत, मी म्हटलं.

तुमच्या फॉर्मात
चेहऱ्याबद्दल विचारलं होतं, ती म्हणाली.
आर्नी दारापर्यंत गेला, परत आला,
पुन्हा दारापर्यंत गेला.
आम्ही दोघी बाजूला झालो.