विळास

दुर्बिणी दोन.
एक कॅम्पातल्या लिलावात घेतलेली, फौजेतून निवृत्त,
डाव्या भिंगावर ओरखडा.
तो मी घासून घासून निम्मा केलाय,
उरलेला निम्मा प्रत्येक पक्ष्याला एक तार जोडतो.
दुसरी इंदुमतीच्या जावयानं कुवेतहून आणलेली,
तिची पेटी इतक्यात फोडायची नाही म्हणते.

खडेबाजारातलं माझं चष्म्याचं दुकान साडेआठला बंद होतं.
मग शटर अर्धं ओढून
काउंटरवर नकाशा पसरायचा, कोपऱ्यांवर फ्रेमा ठेवायच्या:
खानापूर, हेम्माडगा, तिथून पायी.

इंदुमती म्हणते फेब्रुवारी, जळवा नसतात.
नेमिनाथ म्हणतो, जळवा नसतात तेव्हा बेडूकही नसतात,
आणि त्याला तो उडता बेडूक बघायचाय,
हिरवा, बोटांमध्ये तांबडे पडदे असलेला.
तो बघून गुडघा गेला तरी चालेल, म्हणतो.
(गुडघा आधीच गेलाय.)

वाद धनेशावर मिटला.
फेब्रुवारीत मादी ढोलीत शिरते,
आतून तोंड लिंपून घेते, चोचीएवढी फट ठेवते,
नर बाहेरून उंबरं भरवतो, महिनोन्‌महिने.
‘आणि तो नाहीच आला परत तर?’
इंदुमतीनं विचारलं.
नेमिनाथनं टॉर्चच्या सेलांचा हिशोब काढला.

तंबाखू-चुन्याची पुरचुंडी, जळवा नसल्या तरी.
अर्धा किलो कुंदा.
टॉर्चच्या तोंडाला लाल कागद.
नेमिनाथचा केशरी स्वेटर रद्द.
नेमिनाथचं जेवण दिवस मावळायच्या आत, म्हणजे सगळ्यांचंच.
वाटाड्या: मष्णू गावडा, कुमठोळी.

फोन लागला तिसऱ्या दिवशी.
‘येतो की. पण कुमठोळीत नाही हो मी आता.
गाव उठलं. खानापुरात हाय, स्टेशनाच्या मागं,
पत्र्याचं घर, नळ दारातच.’
आवाजात नळाचं कौतुक होतं, खोटं नाही.
‘धनेश बघायचाय न्हवं?
आमच्या गोठ्याच्या मागं बेहडा हाय, त्येच्या ढोलीत.
गोठा पडला असंल. बेहडा असंल.’

गुरुवारच्या बसनं तो दुकानात आला,
चपला बाहेर काढून.
मी आधी त्याचे डोळे तपासले, सवयच.
तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली,
तिच्याखालचं छापखान्याचं नावही वाचलं.
जवळचं मात्र काही नाही.
अडीचची काच घातली तेव्हा
स्वतःच्या हाताकडेच बघत बसला जरा वेळ.

वनखात्याचा अर्ज कन्नडात.
नेमिनाथ भरत होता, मष्णू चष्म्यातून अक्षरं लावत होता.
‘विळास,’ वाचलं त्यानं, आणि हसला,
‘आमी काय विलास करणार?’
‘अहो, पत्ता.’
‘ठावं हाय की.
चारदा लिवलाय हा कागद, गाव उठताना.’

पत्ता स्टेशनमागचा.
पुढचा रकाना, भेटीचा उद्देश.
इंदुमती: वन्यप्राणी पाहणे. नेमिनाथ: वन्यप्राणी पाहणे.
मी: वरीलप्रमाणे.
‘माझ्या नावापुढं बी तेच?’
नेमिनाथचं पेन थांबलं.
रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं,
तिची ती केविलवाणी शिट्टी.

‘लिवा,’ मष्णू म्हणाला.
‘आजवर त्येनीच आमाला बघितलंय.
गवा तर परसात यायचा, काकडीला.’
मग कोयता न्यायचा का, विचारलं.
नियम सातवा: हत्यार नेता येणार नाही.
‘मग वाट?’
असेल तेवढी, नेमिनाथ म्हणाला.

इंदुमतीनं न बोलता पेटी फोडली,
कुवेतची दुर्बीण त्याच्या गळ्यात घातली,
चाक कसं फिरवायचं ते दाखवलं.
अर्ध्या शटरखालून वाकून
त्यानं समोरच्या बंद दुकानावर रोखली ती.
बराच वेळ फिरवत राहिला.
‘काय दिसतंय?’
‘कुलूप,’ म्हणाला, ‘लई जवळ.’