आज नको

एकतीस वर्षं त्याच्या चहात साखर आधीच ढवळलेली यायची,
मोठ्या पातेल्यातून, ओगराळ्यानं,
साठ जणांना एकच गोडी.
म्हणून पहिल्या सकाळी मी विचारलं, "किती चमचे?"
तर तो बघतच राहिला,
जणू मी त्याची काही चूक काढली.

कौनासमधलं हे घर. तिसरा मजला, दीड खोली.
खिडकीतून नेमुनास नदीची एक चिंधी दिसते,
तीही झाडं उघडी पडली तरच.
दारावर नाव: विगांतास.
त्यानंच लिहिलंय. एक अक्षर उलटं पडलं.
राहू दिलं.

मला शिकवलं होतं, हात पुढे करू नका.
कागदावर सोपं असतं.
त्याच्या कोटाची चेन अडकते
आणि माझी बोटं आपसूक उठतात.
मी ती खिशात कोंबते, आत मूठ वळते.
समोरून ट्रॉलीबस निघून जाते.
पुढची बारा मिनिटांनी, थंडी उणे नऊ.
चेन एक दात वर जाते.
आणखी एक.

दूध उतू गेलं. दोनदा.
तिसऱ्यांदा करपलं, जिनाभर धूर,
आणि शेजारच्या ब्रोनेबाई झोपायच्या झग्यावर कोट चढवून आल्या:
"अशा माणसाला एकटं ठेवतात का कुणी?"
माझं उत्तर तयार होतं, चांगलं लांबलचक.
त्याच्या आधी तोच म्हणाला,
"दूध माझं. पातेलं पण माझं."
ब्रोनेबाईंचं मत काही बदललं नाही.
जिन्यात त्या अजून मलाच विचारतात,
तो कसा आहे,
तो शेजारी उभा असताना.

बसचं असं असतं:
आधी शेजारी बसायचं, मग दोन बाकं मागे,
मग शेवटच्या दारापाशी, अनोळखी होऊन.
मी वर्तमानपत्राआड लपले होते, स्वतःवर खूश.
बेकरीपाशी तो उतरला, वळला, म्हणाला,
"टोपी बदल. लाल लांबून दिसते."

दाराचं मात्र निराळं होतं.
किल्ली गळ्यात, दोरीला.
तरी तो दारापुढे उभा राहायचा, आतल्या बाजूनं,
कोणी उघडेल म्हणून.
तिथल्या दारांना आतून कडीच नव्हती.
मीही उभी राहायचे, पंधरा मिनिटं, वीस.
फाइलमध्ये याचं उत्तर नव्हतं.
एकदा कंटाळून म्हटलं,
"विगांतास, मला घरी जायचंय. सोडतोस का?"
त्यानं किल्ली फिरवली,
साहेबानं सही ठोकावी तशी.

साखर? एकही चमचा नको असतो त्याला.
हे कळायला आम्हा दोघांना मार्च उजाडला.

काल गुरुवार, माझा वार. बेल दाबली.
पावलं आली, दाराच्या पलीकडे थांबली.
"आज नको. पाहुणे आहेत."
कोण, हे ओठांवर आलं होतं. जीभ चावली.
आत कुणीतरी हसलं, बशीवर कप टेकला,
आणि मी जिना उतरले,
रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून.

नोंदवहीत चौकटी दोनच:
भेट झाली. भेट झाली नाही.
मी मधल्या रेघेवर पेन टेकवून बसले,
शाईचा ठिपका मोठा होत गेला,
तेवढ्यात माझी ट्रॉलीबस आली.

वर तिसऱ्या मजल्यावर पडदा हलला.
टोपी मी अजून बदललेली नाही.