घोट

पहाटे चारला तिच्या खोलीतला नळ मी फडक्यानं बांधला.
तांब्या बाहेर नेला. फुलदाणीतलं पाणीही ओतून टाकलं;
मागं एका पेशंटनं तेच प्यायलं होतं.
गौरव्वा बिराजदार, वय सव्वीस, गाव उमदीच्या पलीकडं,
वजन सेहेचाळीस किलो चारशे.
दिवसाला चौदा लिटर पिते, चौदा लिटर जातं.

चौदा लिटर मला मोजपात्रात कळतं,
तिच्या सासूला घागरीत.
टँकर चौथ्या दिवशी, घरटी सहा घागरी,
त्यातल्या चार एकट्या सुनेच्या.
"बाई न्हवं, चाळण हाय ही," सासू ओपीडीत म्हणाली.
गौरव्वानं तेवढ्यात पदराआड बाटली उघडली.

दिवाळीत ती जतच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडली.
खोक भरली, टाके निघाले,
सगळे म्हणाले, वाचली.
मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिचा देठ
तेव्हाच तुटला असावा, असं मगदूम डॉक्टर म्हणतात.
असावा. म्हणून तर ही पहाट.

"माझी किडनी गेली का, ताई?"
नाही गं. किडन्या धडधाकट आहेत.
तुझ्या, माझ्या, सासूच्या,
रोज पावणेदोनशे लिटर गाळतात
आणि बहुतेक सगळं न विचारता परत घेतात.
फक्त शेवटच्या नळ्यांपाशी अडतात, हुकमासाठी.
वरून निरोप आला की भिंतींत बारीक बारीक दारं उघडतात,
पाणी रक्तात परततं.
तुझ्याकडं निरोप लिहिणारा आहे,
निरोप्या वाटेत पडलाय.

ती म्हणाली, "मग तुम्हीच सांगा की त्यांना."

पाच वाजता पंचेचाळीस नऊशे. लघवी नळाच्या पाण्यासारखी.
मी नोंद केली, आणि घड्याळ बघितलं.
रमजानचा अकरावा दिवस, सहरी संपायला वीस मिनिटं.
सेंट्रिफ्यूजच्या मागं उभी राहून
खजूर खाल्ला, ग्लास तोंडाला लावला,
आवाज होऊ नये म्हणून हळूहळू.
तरी एक घोट वाजला.
भिंतीपलीकडून ती काही बोलली नाही,
फक्त खाट करकरली.

सहा वाजता पंचेचाळीस चारशे.
ओठांना सालं. ग्लानीत ती "नीरु, नीरु" म्हणत होती,
माहेरची कानडी.
मला तहान नव्हती, हे मला सांगायचं आहे.
माझ्याही पोटात संध्याकाळपर्यंत थेंब जाणार नव्हता,
पण माझा निरोप्या न सांगता कामाला लागला असणार.
तेहेतीस वर्षं मी रोजा धरते,
श्रेय सगळं नियतीला देते, म्हणजे नीयतीला.
त्याचं नाव कधी घेतलं नाही.

सात वाजता चव्वेचाळीस नऊशे. थांबा.
सिस्टरनं सुई दिली, काही मायक्रोग्रॅम.
आमचे अब्बा तंबोऱ्याच्या घोडीवर
तारेखाली सुताचा धागा सरकवायचे, केसभर,
आणि मुका तंबोरा बोलायचा.
मी त्यांना विचारायची, एवढ्यानं?
ते म्हणायचे, जास्त सरकला तर पुन्हा मुका.
डॉक्टरही तेच म्हणाले: आता पाणी मोजून द्या,
दारं उघडी आहेत, बुडेल.

नऊ वाजता तिनं बाटली स्वतः आणली.
जेमतेम साठ मिली,
पिवळी, लिंबाच्या सालीसारखी.
यंत्रानं पहाटे ऐंशी दाखवलं होतं, आता चारशे नव्वद.
तिनं बाटली खिडकीकडं धरून बघितली,
दिवाळीनंतर पहिल्यांदा रंग दिसला होता.
मग लाजली, आणि झाकण लावलं.

सासूनं विचारलं, "गोळी केवढ्याला? किती दिवस?"
जन्मभर, मी म्हणाले.
ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली;
रुपये होते की घागरी, कळलं नाही.

मी नळाचं फडकं सोडलं.
तो नेहमीसारखा ठिबकू लागला.
गौरव्वा बघत होती,
उठली नाही.