सड्यावरचं रीडिंग

हा भाग माझ्याकडे शहाऐंशीपासून,
मांडवीवरचा पूल कोसळला त्याच पावसाळ्यापासून.
पणजीहून फेरीबोटीने बेती, तिथून पर्वरीची चढण पायी,
काखेत छत्री, पिशवीत वीज खात्याची वही,
आणि वर पोचलं की एकशे चार मीटर.
एकशे चार. मधे नुसते काजू.

त्याच्या आधीचं मी पाहिलेलं नाही.
लाडू गावडो सांगायचा: इथे कोण मरायला येणार?
खणलं तर माती नाही, चिराच निघतो.
जमीन कोमुनिदादीची, गुरं चरायची,
एप्रिलात खालच्या वाड्यावरच्या बायका बोंडू वेचायला यायच्या,
पण दिवेलागणीच्या आत खाली.
रात्री ती देवचाराची वाट.

मग सरकारी माणसांनी चुन्याने रेघा मारल्या,
सचिवालयातल्या कारकुनांना चिठ्ठ्या टाकून प्लॉट दिले.
ज्याच्या त्याच्या प्लॉटातला चिरा काढून
त्याच खड्ड्याशेजारी ज्याने त्याने घर उभं केलं.
खड्ड्यांच्या विहिरी व्हायच्या होत्या,
पाणी लागलं दोघांनाच.
केंकऱ्यांच्या प्लॉटातून नेमकी ती वाट जात होती.
केंकरे हिशेबखात्यातले, देवाधर्माचे फारसे नव्हेत,
तरी त्यांनी रोट ठेवला
आणि कंपाउंडला दोन्ही बाजूंनी
दोन-दोन फुटांची फट सोडली.
विचारलं तर म्हणायचे, मांजरासाठी.

घरांना नावं आहेत, 'कृतार्थ', 'श्रमसाफल्य', 'नोस्सा काझा',
पण मला आकडे आठवतात.
कुणाकडे तारवटी रजेवर आला की दीडशे,
तो बोटीवर परतला की पुन्हा साठ.
केंकऱ्यांकडे कायम पंच्याण्णव,
मुलगी बारावीला होती त्या वर्षी एकशे वीस.
आकड्यावरून कळतं कोण जागं आहे.
कळलेलं बोलायचं नाही, एवढंच.

शेजारच्या कुस्तोद परेरांचं घर शून्यावर गेलं
ते सगळे पासपोर्ट काढून विलायतेला गेले तेव्हा.
अकरा वर्षं शून्य.
मीटरच्या काचेवर कुंभारणीने मातीचं घर बांधलं,
मी ते काडीने जरा सरकवून आकडा बघायचो,
बदललेला नसायचाच.
मग एका फेब्रुवारीत सहा युनिट.
ऑफिसातल्या पोरीने फोन केला, काका, चूक झाली का?
मी पुन्हा चढून गेलो.
केंकरेबाई म्हणाल्या, रोझारियो आला होता, एक रात्र.
घरातले, बाहेरचे, न्हाणीतलेसुद्धा दिवे लावले
आणि बाल्कांवात बसून राहिला.
जेवण नेऊन दिलं, तर ताट धुऊन परत आणलं.
सकाळी दलाल आला.

आता तिथे पाच मजले.
जिन्याखालच्या कपाटात चोवीस मीटर ओळीने,
वॉचमन कुलूप काढतो, मी वाचतो, तो कुलूप लावतो.
दारावर टकटक नाही, कुत्रं नाही, घोटभर पाणी नाही.
डिसेंबरात चोवीसही चाकं गरगरतात,
एरवी सहा-सात.
इमारतीची भिंत केंकऱ्यांच्या फटीला लागून सरळ वर गेली आहे.
देवचार आता कसा जातो, मी गमतीने विचारलं.
बाई म्हणाल्या, लिफ्टने जात असेल,
त्याचंही वय झालं की.

एकशे चारांचे अकराशे झाले. पुढल्या महिन्यात मी रिटायर.
नंतर म्हणे मीटर स्वतःच आकडा कळवतील.
केंकरे जाऊन सात वर्षं, मुलगी मस्कतला.
बाईंकडे सत्तर, मग बावन्न,
या वेळी अडतीस.
वहीत लिहिलं.
मग तहान नव्हती तरी पाणी मागितलं,
त्या आत गेल्या,
स्वयंपाकघरातला दिवा लागल्याचा आवाज आला, टक्,
आणि मीटरचं चाक, नीट बघितलं तर,
जरासं जोरात फिरलं.