चांदणी कुणाच्या दारी

मला विचारू नका, कुणाची बिअर चांगली.
फाल्केनरॉइटमध्ये हा प्रश्न भट्टीवाल्याला विचारत नाहीत.
एकतीस वर्षं मी गावच्या सामाईक हंड्याखाली
लाकडं सारतोय.
तेच जव, तेच हॉप्स, त्याच विहिरीचं पाणी.
रात्रभर माळ्यावरच्या उथळ परातीत
तो कढत, गोड अर्क निवत पडतो
आणि सकाळी चार घरं ट्रॅक्टर घेऊन येतात,
आपापला वाटा आपापल्या तळघरात उतरवतात.

तिथून पुढं माझं काही चालत नाही.
एकाच मांडवातून चार सासरी गेलेल्या बहिणी;
सहा आठवड्यांनी दारावर चांदणी टांगली जाते,
या, बिअर तयार आहे,
आणि बघावं तर एकीचा चेहरा दुसरीला नाही.

ओटमार लॉइपोल्डची लख्ख, सरळ,
पोलिसानं पत्ता सांगावा तशी.
क्रेसेन्झची फेसाळ, बोलघेवडी;
पहिल्या घोटाला जवळची वाटते, तिसऱ्याला दमवते.
वोल्फहार्टच्या जुन्या पिंपांना राळेचा वास,
वसंतात ती जराशी आंबते,
आणि तो म्हणतो, आंबली नाही, विचारात पडलीय.

चौथी अ‍ॅनेलीची.
ही पोरगी तीन वर्षं ऑरेगनमध्ये पिंपं धूत होती.
परत आली ती सुटकेसमध्ये हॉप्स भरून,
आजीच्या तळघरात तिनं ते मूठमूठ टाकले, थंड बिअरमध्ये,
सगळं झाल्यावर!
म्हणाली, वास घ्या: ओलं देवदार, पपनस, आंबा.
ओटमारनं मग खाली ठेवला.
आंबा? बिअरमध्ये?
उद्या दाढीचा साबण टाकशील.

आंबा मी आयुष्यात एकदाच खाल्लाय,
न्यूर्नबर्गच्या हॉस्पिटलात, डब्यातला, चमच्यानं.
पण मान मीही हलवली.
भट्टीवाल्यानं बहुमतात राहावं.

तशी माझी आवड काही जन्मापासून एक नाही.
विशीत मला बाम्बर्गची धुरकट लागायची,
दिवसभर धूर खाऊन रात्री पुन्हा धूरच प्यायचो,
बायको म्हणायची, तुला वाळत घालू की विझवू?
ती गेली त्या वर्षी मठातली काळी, जड,
उपासाच्या दिवसांतली, पोळीऐवजी पुरणारी.
मग कित्येक वर्षं काहीच नाही. म्हणजे पीत होतो,
पण जीभ कुठंतरी दुसरीकडंच असायची.

तर मागच्या नोव्हेंबरात क्रेसेन्झ म्हणाली,
होऊन जाऊ दे एकदा.
चार मग, नावं नाहीत, खाली खडूनं आकडे,
परीक्षक मी.
अख्खं गाव बाकांवर, मुळ्याच्या चकत्या, चरबी लावलेला पाव,
आणि ओटमारनं पहिल्या घोटाला तोंड वाकडं करून
स्वतःचीच बिअर गटारात ओतायला सांगितली.
दोन मिनिटं कुणी हसलंसुद्धा नाही. मग थांबेनात.

मी चारही ओळखल्या. डोळे मिटून. सोपं होतं.
सांग, सांग.
मी म्हणालो, सगळ्यात चांगली हंड्यातली,
पळीनं घेतलेली, गरम, अजून कुणाचीच न झालेली.
वा! टाळ्या. भट्टीवाला हुशार आहे.
वोल्फहार्टनं पाठ थोपटली, माझ्या कोटातून राख उडाली.

मग सगळे घरी गेले, अ‍ॅनेली मग धुवायला बसली.
एक नंबर अर्धा. दोन अर्धा.
चार, पाऊण.
तीन नंबर तिनं उलटा केला,
एक थेंबही पडला नाही.
तिनं खडूचा आकडा अंगठ्यानं पुसला
आणि मला विचारलं, पाव बांधून देऊ का?

तेव्हापासून तिच्या दारी चांदणी लागली
की मी कोपऱ्यात बसतो.
ती न विचारता मग आणते, काठोकाठ,
आणि मी, ओटमारला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं,
दर वेळी कुरकुरतो:
आंबा? बिअरमध्ये?