टिंब

नियम मीच लिहिले होते,
लोकमान्य नगरच्या जिन्यात बसून, कारण तिथेच रेंज यायची.
पहिला: आधी शोधा, मग विचारा.
दुसरा: ओरडू नका.
त्यावर सराफा_रात्री_दोन म्हणाला, भिया,
इंग्रजीवाले मोठ्या अक्षरांत ओरडतात,
आपल्याकडे मोठी अक्षरं आहेतच कुठे?
खरं होतं. आम्ही अवग्रहात ओरडतो.
अरेऽऽऽ काय करून राहिलात ताईऽऽऽ
मग सुधारणा केली: एका शब्दाला एकच अवग्रह.

पूर्णविरामाचं मला फार उशिरा कळलं.
मी "ठीक आहे." लिहिलं की मुलं घाबरून विचारायची,
ताई, चिडलात का?
बत्तीस वर्षं जलकर खात्यात
मी प्रत्येक वाक्य नळासारखं बंद करून घरी गेले,
आणि इथे म्हणे वाक्य उघडंच सोडायचं

लघुरूपं तर रोज नवी.
लांब आहे, वाचलं नाही, याचं झालं लांआवाना.
माझ्या अल्पमतीप्रमाणे, याचं माअप्र,
ज्याच्या पुढे येणारं काहीच अल्प नसायचं.
मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले,
त्यात काय? शि. सा. न. वि. वि. लिहिताना
आमच्यातला कोण कधी पूर्ण वाकला होता?

कुणी लिही, जाऊन आले. कुणी, जाऊन आलो.
आणि अर्धे लोक, जाणं झालं,
क्रियापदाच्या मागे अंग चोरून उभे.
मी कुणालाच विचारलं नाही. सगळ्यांना अहो.
भांडण अहोत चालू दे,
तू वर घसरलं की मी कुलूप लावते.

तोफखाना९ मात्र फक्त टिंब द्यायचा.
किंवा द्यायची. टिंबाला लिंग नाही,
आदरार्थी अनेकवचन नाही.
कुणाच्या तरी प्रश्नाखाली एक ठिपका
आणि मग महिनोन्‌महिने काही नाही.
टिंब म्हणजे, मलाही हे हवंय, उत्तर आलं तर कळवा.
माझ्या मते ती अडगळ होती. नियम सातवा.
दोनदा ताकीद दिली.
ताकिदीखालीही टिंब.

माघात बाबांनी मरीमाता चौराह्यावर
पेरूची हातगाडी उलटवली.
चौऱ्याऐंशीव्या वर्षी, हेल्मेट न घालता.
गाडीच अंगावर आली म्हणाले,
आणि रस्त्यावरचे पेरू गोळा करू लागले, दोन्ही खिशांत.

त्या रात्री पावणेदोनला मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे काही विचारलं.
न दुखावता वडिलांकडून
स्कूटरची किल्ली कशी काढून घ्यावी?

एक बदाम आला. एक विनोद,
ज्यावर मी इतर वेळी हसले असते.
मग कुणीतरी, ताई, नियम पहिला.

शोधलं.
हा प्रश्न आधी तीनदा विचारला गेला होता.
एकदा राजेंद्र नगरहून, एकदा धारहून,
एकदा कुठून ते लिहिलंच नव्हतं.
उत्तर एकालाही नाही.
तिन्हींच्या खाली टिंब. तोफखाना९.

परत आले तोवर माझ्याही प्रश्नाखाली ते पडलं होतं,
वेळ दोन वाजून अकरा मिनिटं.

मी लिहिलं, तुमचेही वडील ऐकत नाहीत का?

लिहीत आहे, असं दिसलं. थांबलं.
पुन्हा लिहीत आहे.
सराफ्यातली शेवटची कढई उतरली असेल इतका वेळ.
मग दोन शब्द.

मी वडील.

पूर्णविरामासकट.

बाबा आतल्या खोलीत घोरत होते,
किल्ली खुंटीवर, वायरच्या पिशवीखाली.
मी लिहू लागले, एकही अक्षर न गाळता,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष,
आणि तिथेच थांबले,
कारण विशेष काय विनवायचं
ते मलाही